हासाचा आश्रय : प्राण्यांच्या हसण्याचा प्रश्न

मनुष्य हा हसणारा एकमेव प्राणी आहे, हे विधान पाश्चात्त्य विचारपरंपरेत इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की ते मुळात कोठे आले होते याचा विसर पडावा. ॲरिस्टॉटलने ते काव्यशास्त्रात केलेले नाही, नीतिशास्त्रातही नाही. ते त्याच्या 'प्राण्यांचे अवयव' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील दहाव्या प्रकरणात, श्वासपटलाच्या विवेचनाच्या ओघात येते. छाती आणि उदर यांना अलग करणारा हा पडदा तापला की मनोव्यापार कसा विचलित होतो, हे दाखवण्यासाठी तेथे गुदगुल्यांचा दाखला घेतलेला आहे. गुदगुल्या केवळ माणसालाच होतात, याची कारणे ॲरिस्टॉटल दोन देतो : माणसाची त्वचा पातळ असते आणि प्राण्यांमध्ये तो एकटाच हसतो. लढाईत श्वासपटलावर घाव बसलेले सैनिक हसू लागतात, अशी एक ऐकीव हकीकतही त्याच प्रकरणात नोंदलेली आहे. अवयवांच्या वर्णनात सहज आलेला हा शेरा पुढे मानवाच्या व्याख्येत जाऊन बसला, आणि ज्या गुदगुल्यांच्या आधारे तो उभा होता त्यांची चौकशी करण्याची गरज दोन हजार वर्षे फारशी कोणाला वाटली नाही.

तिसऱ्या शतकातील पॉर्फिरीने या शेऱ्याला तर्कशास्त्रीय रूप दिले. त्याच्या मते हसण्याची क्षमता हा मनुष्याच्या सत्तत्त्वाचा भाग नव्हे. सत्तत्त्व म्हणजे विवेकशीलता. पण जेथे मनुष्यत्व आहे तेथे ही क्षमता आहे आणि जेथे ती आहे तेथे मनुष्यत्व आहे. घोड्याच्या बाबतीत खिंकाळण्याची क्षमता असते तसेच हे. नैयायिकांच्या परिभाषेत हा असाधारण धर्म झाला. गायीचे सास्ना हे जसे लक्षण, तसे मनुष्याचे हसणे. सास्ना म्हणजे गळ्याखालची लोंबती पोळी; तिच्यात गायीचे गायपण साठवलेले आहे असे कोणी म्हणत नाही, तिच्यामुळे गाय इतर पशूंपासून वेगळी ओळखता येते इतकेच. अशा लक्षणाची परीक्षा न्यायशास्त्रात ठरलेली आहे. ते अव्याप्त असता कामा नये, अतिव्याप्त असता कामा नये. हसण्याच्या बाबतीत अतिव्याप्तीची परीक्षा व्हायला हवी होती. ती झाली नाही; लक्षण आधी ठरले आणि त्याच्या आड येणारी उदाहरणे 'ते खरे हसणे नव्हे' असे म्हणून बाजूला सारण्यात आली. लक्षणाची व्याप्ती वाचवण्यासाठी लक्ष्याची व्याख्याच बदलत जाणे, हा दोष नैयायिकांनी एका वाक्यात पकडला असता.

मराठीत हास्यमीमांसा गंभीरपणे सुरू झाली ती न. चिं. केळकरांच्या 'सुभाषित आणि विनोद' (१९०८) या ग्रंथाच्या सुमारास, आणि तेव्हापासून ती प्रामुख्याने विनोदकार आणि त्याचा वाचक यांच्याभोवती फिरत राहिली. हे स्वाभाविकही होते. परंतु हास्याचा आश्रय कोण असू शकतो, हा प्रश्न त्यामुळे साहित्यविचाराच्या बाहेर, प्राणिशास्त्रज्ञांच्या दारी जाऊन पडला. वस्तुतः तो अर्थनिर्णयाचा, म्हणजे समीक्षेच्याच कक्षेतला प्रश्न आहे. दुसऱ्या जिवाच्या चेहऱ्यावर आणि आवाजात जे दिसते-ऐकू येते ते कशाचे चिन्ह मानावे, आणि ते तसे मानण्याचा अधिकार कशाने मिळतो?

या चर्चेतील बराचसा गोंधळ तीन निरनिराळे प्रश्न एकाच शब्दात कोंबल्यामुळे झालेला आहे. रसशास्त्राने त्यांचा उलगडा फार पूर्वीच करून ठेवला आहे. ओठ फाकणे, श्वास तुटत बाहेर पडणे, डोळे आकुंचित होणे हे अनुभाव. त्यामागील चित्तवृत्ती हा हास नावाचा स्थायीभाव. आणि त्या भावाचे विभावादींच्या द्वारा, स्व-पर भेद ओलांडून होणारे आस्वादन म्हणजे हास्यरस. भरताने स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले ते अनुभावांच्या पातळीवरचे आहेत. प्राणी हसतात काय, असे विचारताना अनुभावाविषयी विचारले जाते की भावाविषयी, हे आधी ठरवावयास हवे. 'प्राण्यांना विनोदबुद्धी असते काय' हा तर आणखी तिसराच प्रश्न आहे. त्याचे उत्तर पहिल्या दोहोंच्या उत्तरांवरून आपोआप निघत नाही.

अनुभावाच्या पातळीवरील प्रश्न आज बराचसा सुटला आहे असे म्हणता येते. डार्विनने १८७२ च्या 'माणूस व प्राणी यांतील भावनांची अभिव्यक्ती' या ग्रंथात नोंदवले होते की लहान चिंपांझीला गुदगुल्या केल्या असता तो खुदखुदण्याचा आवाज काढतो, आणि माणसाच्या मुलांप्रमाणेच त्याच्याही काखा विशेष हुळहुळ्या असतात. ॲरिस्टॉटलचा शेरा जेथे उभा होता नेमक्या त्याच जागेवर डार्विनने बोट ठेवले. शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, डच प्राणिवर्तनशास्त्रज्ञ यान व्हान होफ याने प्रायमेट प्राण्यांच्या मुखमुद्रांचा तौलनिक अभ्यास करून एक महत्त्वाचा भेद मांडला. माणसाचे हसणे आणि माणसाचे स्मित ही एकाच मुद्रेची कमीअधिक रूपे आहेत असा सर्वसाधारण समज असतो. भरताच्या क्रमातही स्मितापासून अतिहसितापर्यंत एकच चढण आहे. व्हान होफच्या मते त्यांची मुळे दोन आहेत. हसण्याचे मूळ खेळताना सैल उघडलेल्या तोंडात, तर स्मिताचे मूळ दात उघडे करून दाखवलेल्या मूक मुद्रेत. ही दुसरी मुद्रा अनेक माकडांत भय आणि शरणागती दाखवते. मराठीत 'दात काढणे' आणि 'दात विचकणे' हे वाक्प्रचार हसण्याच्या इतके जवळ असूनही त्यांत तुच्छतेची आणि केविलवाणेपणाची छटा आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. भाषा कधीकधी शास्त्राच्या आधी पाहते.

२००९ मध्ये मारिना डाव्हिला रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि मानवी अर्भके यांना गुदगुल्या केल्यावर निघणाऱ्या आवाजांचे ध्वनिविश्लेषण प्रसिद्ध केले. केवळ आवाजांतील साम्यभेदांवरून मांडलेला वंशवृक्ष आनुवंशिक पुराव्यावरून ज्ञात असलेल्या वंशवृक्षाशी जुळला. म्हणजे हसणे या सर्वांच्या समाईक पूर्वजाकडून आले असले पाहिजे. त्याचा काळ एक कोटी ते एक कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीचा ठरतो. फरक आहेत, आणि ते लहान नाहीत. चिंपांझी श्वास घेताना आणि सोडताना अशा दोन्ही वेळी आवाज करतो, त्यामुळे त्याचे हसणे ऐकणाऱ्यास धापेसारखे वाटते. माणूस एकाच उच्छ्वासाचे तुकडे पाडून हसतो. बोलण्यासाठी श्वासावर जो ताबा लागतो तोच येथे लागतो; त्या अर्थाने मानवी हसण्यावर भाषेची छाया आधीच पडलेली आहे.

याहून अडचणीत टाकणारे उदाहरण उंदराचे आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेतील उंदरांना बोटांनी गुदगुल्या करून पाहिले. खेळताना उंदीर सुमारे ५० किलोहर्ट्झ कंपनसंख्येचे आवाज काढतात हे त्याला ठाऊक होते. गुदगुल्या केल्यावर तेच आवाज कितीतरी अधिक प्रमाणात निघू लागले. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पलीकडचे ऐकू शकत नाही, म्हणून वटवाघळांचे आवाज टिपणारे यंत्र वापरावे लागले. गुदगुल्या थांबल्या की उंदीर हाताच्या मागे धावत. मांजराचा वास आला की हे आवाज बंद पडत. वेदना वा भीतीच्या प्रसंगी उंदीर जे आवाज काढतात ते याहून खालच्या, सुमारे २२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात.

पँकसेप आणि त्याचा सहकारी जेफ्री बर्गडॉर्फ यांनी २००३ मध्ये या संशोधनाचा परामर्श घेणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात 'हसणारे' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. समीक्षकाने येथे थांबावयास हवे. अवतरणचिन्हे शब्द वापरतात आणि त्याच श्वासात त्याची जबाबदारी नाकारतात. उंदीर पळाला, उंदीर भुकेला होता, उंदीर घाबरला यांपैकी कशालाही अशी चिन्हे लागत नाहीत. भीतीला तर मुळीच नाही, कारण भीतीवर औषधांचे प्रयोग चालतात. आनंदालाच तेवढा हा पहारा का? वर्तनवादाच्या आमदानीत प्राण्याविषयीचे प्रत्येक भाववाचक विधान अलंकार मानले गेले. मराठी अलंकारविचारात ज्याला चेतनगुणोक्ती म्हणतात, तिचा दोष अशा विधानांवर ठेवला गेला. पण चेतनगुणोक्ती अचेतनावर केली जाते. ढग रडतो म्हणणे हा अलंकार आहे, कारण ढगाला रडता येत नाही हे वक्त्याला आणि श्रोत्याला दोघांनाही ठाऊक असते. कुत्रा खेळकर आहे असे म्हणणे त्या अर्थाने अलंकार नव्हेच. ते खरे अथवा खोटे ठरू शकणारे विधान आहे. त्याला अलंकार म्हणून निकालात काढणे म्हणजे तपासण्याचे कष्ट वाचवणे. फ्रान्स द वाल या प्रायमेटशास्त्रज्ञाने मानवसादृश्य आधीच नाकारण्याच्या या प्रवृत्तीला स्वतंत्र नाव दिले, आणि ती मानवीकरणाइतकीच आंधळी असू शकते असे बजावले. लॉइड मॉर्गनच्या १८९४ च्या नियमाप्रमाणे खालच्या पातळीवरील व्यापाराने वर्तनाचा उलगडा होत असेल तर वरच्या पातळीवरचा व्यापार कल्पू नये. नियम उत्तम आहे. परंतु 'हसणे' ही वरची पातळी आहे हे त्या नियमाने सिद्ध होत नाही. ते गृहीत धरलेले असते.

तथापि, गुदगुल्यांनी हसणारा उंदीर विनोदाविषयी काहीही सांगत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. गुदगुल्यांनी हसणारे माणसाचे तान्हे मूल तरी विनोदाविषयी काय सांगते? अनुभाव आणि सुखाची एक वृत्ती एवढे येथे हाती लागते. विनोदाकडे जावयाचे तर खेळाकडून जावे लागते, आणि या वाटेवर सर्वांत उपयोगी पडणारा विचारवंत प्राणिशास्त्राचा नसून संज्ञापनविचारातला आहे. ग्रेगरी बेटसन १९५२ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्लाइशहॅकर प्राणिसंग्रहालयात गेला असता त्याने दोन माकडांची पिल्ले खेळताना पाहिली. दृश्य कोणीही पाहिलेले असते. पिल्ले झोंबत होती, चावत होती. मारामारीतल्याच हालचाली होत्या, आणि तरी ती मारामारी नव्हती, हे पाहणाऱ्यालाही समजत होते आणि त्या पिल्लांनाही. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात बेटसनने यातून जो निष्कर्ष काढला त्याचा आशय असा : खेळातला हलका चावा खऱ्या चाव्याचा निर्देश करतो, परंतु खऱ्या चाव्याने ज्याचा निर्देश झाला असता त्याचा मात्र करीत नाही. म्हणजे ही पिल्ले चिन्हांविषयी चिन्ह देत आहेत. 'हा खेळ आहे' हे सांगणारी चौकट त्यांच्यापाशी आहे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात मुख्यार्थबाध दिसल्यावाचून राहणार नाही. 'गंगेवर गवळीवाडा' या वाक्यात प्रवाहावर वस्ती असणे शक्य नसल्यामुळे मुख्यार्थ बाधित होतो आणि तीराचा अर्थ पुढे येतो. पिल्लाच्या चाव्यात मुख्यार्थ हिंसेचा आहे. दातांचा दाब, सैल उघडलेले तोंड आणि धापेसारखा तो आवाज यांनी तो बाधित होतो. या जुळणीची मर्यादा उघड आहे. लक्षणेत शब्द असतो, संकेत असतो. येथे दोन्ही नाहीत. परंतु एखादी कृती स्वतःचा रूढ अर्थ बाजूला ठेवून केली जाणे आणि ती तशी केली आहे हे दुसऱ्याने ओळखणे, हा कल्पित वाङ्मयाच्या शक्यतेचा पाया आहे, आणि तो पाया भाषेच्या आधीचा आहे. प्राण्यांचे हसणे ज्या प्रसंगी ऐकू येते तो प्रसंग बहुधा हाच, हेही काही योगायोगाचे नाही. २०२१ मध्ये साशा विंक्लर आणि ग्रेगरी ब्रायंट यांनी आजवरच्या नोंदी एकत्र करून खेळताना विशिष्ट आवाज काढणाऱ्या ६५ जातींची यादी दिली. मराठीतला 'खिदळणे' हा शब्द येथे 'हसणे' यापेक्षा अधिक चपखल आहे. खिदळण्याला विनोद लागत नाही, सोबती लागतो.

आता विनोद. शोपेनहौअरच्या मते हास्याचे मूळ विसंगतीत आहे : एखादी वस्तू एखाद्या संकल्पनेखाली आणली जाते आणि ती तेथे बसत नाही हे अकस्मात ध्यानात येते. प्राण्यांना सामान्य संकल्पना नाहीत, म्हणून त्यांना हसता येत नाही, असा निष्कर्ष तो काढतो. गंमत अशी की हा निष्कर्ष काढताच त्याला आपल्या कुत्र्याची आठवण होते, आणि माणसाच्या या एकमेव मित्राला हसण्याच्या तोडीची एक स्वतःची क्रिया आहे, ती म्हणजे शेपूट हलवणे, आणि ती माणसांच्या शिष्टाचारांहून प्रामाणिक असते, अशी पुस्ती तो जोडतो. सिद्धांताने जे नाकारले ते स्नेहाने मागल्या दाराने आत घेतले. कांटची व्याख्या (१७९०) प्राण्यांना इतकी प्रतिकूल नाही. ताणलेली अपेक्षा अकस्मात शून्यात विरून जाणे, हे त्याच्या मते हास्याचे कारण. अपेक्षेला संकल्पना लागतेच असे नाही. भुकेल्या मांजरालाही अपेक्षा असते.

डार्विनने 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात कुत्र्यांना केवळ खेळाहून वेगळी अशी विनोदबुद्धी असते असे म्हटले आहे आणि तिचे एक उदाहरण दिले आहे. फेकलेली काठी कुत्रा थोड्या अंतरावर नेतो, समोर ठेवून बसतो, धनी अगदी जवळ येईपर्यंत वाट पाहतो आणि नेमक्या क्षणी ती उचलून पळ काढतो. मग तोच डाव पुन्हा. कांटची व्याख्या येथे जशीच्या तशी लागू पडते. फरक इतकाच की अपेक्षा धन्याची विरते आणि मौज कुत्र्याला वाटते.

या कृतीला मराठीत फार नेमका शब्द आहे : खोडी. विनोद, थट्टा, मस्करी, चेष्टा या सर्वांहून खोडी वेगळी. तिला शब्द लागत नाहीत. दुसऱ्याच्या अपेक्षेचा अंदाज मात्र लागतो. ('चेष्टा' या शब्दाचा संस्कृत अर्थ शरीराची हालचाल असा आहे आणि मराठीत तो थट्टेपर्यंत आला, शब्दाचा हा प्रवास प्रस्तुत विषयाचाच प्रवास म्हणता येईल.) २०२४ मध्ये इझाबेल लाउमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयांतील चारही महाकपींच्या अशा खोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अठरा प्रकार त्यांनी वेगळे केले. वस्तू पुढे करून मागे घेणे, मागून टोचून पळणे, केस ओढणे, डोळ्यांसमोर काहीतरी हलवत राहणे, वाट अडवणे. खोडी काढणारा समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, प्रतिसादासाठी थांबतो, तो न आल्यास खोडी पुन्हा काढतो वा वाढवतो. या अभ्यासातील एक निरीक्षण हास्यमीमांसेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. खेळातली ती सैल उघड्या तोंडाची मुद्रा खोडीच्या वेळी क्वचितच दिसते. उंदीर हसतो तेव्हा त्यात विनोद नसतो. कपी विनोदाच्या अगदी उंबरठ्यावर असतो तेव्हा त्याचा चेहरा गंभीर असतो. हसणे आणि विनोद यांची सांगड माणसातही दिसते तितकी पक्की नसते. चेहऱ्यावरची रेघ न हलवता हसवणारे नट मराठी रंगभूमीने पुष्कळ पाहिले आहेत.

मग खोडीला विनोद म्हणावयाचे काय? येथे साहित्यविचाराने आपला आग्रह सोडू नये. खोडी नेहमी समोरासमोर असते. तिला दोन पात्रे पुरतात. तिसऱ्याची, म्हणजे केवळ पाहून आस्वाद घेणाऱ्याची, तिला गरज नसते. काल काढलेली खोडी आज तिसऱ्यास सांगून हसवणे, झालेली फजिती स्वतःवर घेऊन सांगणे, न घडलेली खोडी रचणे, येथे विनोद सुरू होतो, आणि यांपैकी कशाचाही विश्वसनीय पुरावा प्राण्यांच्या बाबतीत नाही. कोको या गोरिलाने खुणांच्या भाषेत विनोद केल्याच्या ज्या हकीकती प्रसिद्ध आहेत, त्यांत खुणा गोरिलाच्या आणि अर्थ तिला वाढवणाऱ्यांचा आहे. त्या अर्थाची छाननी इतरांना स्वतंत्रपणे करता आलेली नाही. साधारणीकरणावाचून रस नाही, आणि साधारणीकरणाला घटनेपासूनचे अंतर लागते. तेव्हा हास आहे, खोडी आहे, हास्यरस नाही, येथवर पुरावा येतो. यातून प्राण्यांचा दर्जा कमी ठरतो असे मात्र नव्हे. रसास्वाद न घेता हसणारी माणसेही थोडी नसतात.

रसपरंपरेने या प्रश्नाला दिलेली वागणूक पाहिली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे स्वरूप समजावताना जे उदाहरण घेतले ते माणसाचे नाही. 'शाकुंतला'च्या आरंभी दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून पळणारा हरिण हा तेथे भयाचा आश्रय आहे. आनंदवर्धनाने काव्याच्या उगमाशी ठेवलेला शोक क्रौंच पक्ष्यांच्या वियोगातून जन्मलेला आहे. चक्रवाकाची रती, मृगाचे भय, क्रौंचाचा शोक ही परंपरेला मान्य आहेत. एवढेच नव्हे, तर जन्माला येणारा प्रत्येक जंतू या चित्तवृत्तींनी वेढलेलाच जन्मतो, असे अभिनवगुप्त म्हणतो. त्यातच तो हासाचाही उलगडा करतो : स्वतःला श्रेष्ठ मानून जीव दुसऱ्याला हसतो. हॉब्जने १६५१ मध्ये हास्याचे मूळ अकस्मात वाटणाऱ्या स्वश्रेष्ठतेत शोधले, त्याआधी सुमारे साडेसहाशे वर्षांची ही मांडणी आहे. सिद्धांत म्हणून पाहिले तर हास जंतुमात्राला दिला गेला आहे. पण उदाहरणांत हसणारा पशू शोधू गेल्यास तो सापडत नाही. पशू हास्याचे आलंबन होतो, आश्रय होत नाही. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त पशुपक्ष्यांच्या ठायीचा शृंगार अनुचित, म्हणजे आभासाच्या कोटीत घातला. आणि अनौचित्य हाच हास्याचा विभाव हे अभिनवगुप्ताने आधीच सांगून ठेवले होते. पशूचे प्रेम हा माणसाच्या हसण्याचा विषय झाला. बेर्गसाँ १९०० मध्ये निराळ्या वाटेने येथेच पोचतो : माणसाबाहेर हास्यास्पद काही नाही, प्राण्याला हसू येते ते त्याच्यात माणसाची लकब दिसते म्हणून. पु. ल. देशपांड्यांच्या 'पाळीव प्राणी' या लेखात कुत्र्यांपेक्षा त्यांच्या मालकांचीच अधिक फजिती आहे, ती याच कारणाने.

आश्रयत्व नाकारण्याचे कारण काय असावे? एक उत्तर 'कथासरित्सागरा'तील मृत माशाच्या कथेत मिळते. योगनंद राजाची राणी खिडकीतून एका ब्राह्मणाशी बोलताना दिसते. राजा त्या ब्राह्मणाच्या वधाची आज्ञा देतो. वधस्थानी नेताना बाजारात मांडलेला मेलेला मासा हसतो. राजा वध थांबवतो आणि मंत्री वररुचीला कारण विचारतो. वररुची रात्री ताडाच्या झाडावर लपून राक्षसीचे आपल्या मुलांशी चाललेले बोलणे ऐकतो : राजाच्या अंतःपुरात स्त्रीवेष घेतलेले पुरुष भरलेले आहेत, आणि तो निरपराध ब्राह्मणाला मारायला निघाला आहे, म्हणून मासा हसला. हास्याच्या सर्व अटी येथे पूर्ण होतात. विसंगती आहे, अंतर आहे, हसणारा घटनेत गुंतलेला नाही. आणि हे हास्य निवाडा आहे. म्हणूनच कथेला ते माशाकडे ठेवणे परवडत नाही. राजांचा अविवेक पाहून अशी शरीरे धारण करून हसतात ती भुते, असा खुलासा राक्षसीच करते. माशाचे हसणे माशाकडून काढून घेतले जाते. पशूचे भय माणसाला करुणा देते आणि पशूचे प्रेम त्याला काव्य देते. त्याच्या हसण्याने माणूस पाहिला जातो. हॉब्जची उपपत्ती खरी मानली तर हसणाऱ्या पशूपुढे श्रेष्ठतेची दिशा उलटते.

हा वाचनाचा प्रश्न केवळ कथांपुरता राहिलेला नाही. ३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने हॅम नावाच्या लहान चिंपांझीला मर्क्युरी प्रकल्पातील यानातून सुमारे साडेसोळा मिनिटांच्या उड्डाणावर पाठवले. प्रशिक्षणात तरफ वेळेवर न दाबल्यास त्याच्या तळपायांना विजेचा सौम्य झटका दिला जाई. तो परतल्यानंतर घेतलेल्या छायाचित्रांत त्याचे सगळे दात दिसतात, आणि जगभरच्या वाचकांनी ते खुशीचे हास्य म्हणून पाहिले. व्हान होफने वेगळी काढलेली दुसरी मुद्रा ती हीच : आवाज नसलेली, दात उघडे करणारी, भयाची. भारतात माकडवाल्याच्या डमरूवर 'सासरी जाताना हसून दाखव' म्हटले की माकड दात दाखवी आणि घोळका हसे. केंद्र शासनाने १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांना खेळासाठी शिकवण्यास आणि त्यांच्या प्रदर्शनास मनाई केली, व सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती उचलून धरली. तोपर्यंतच्या कित्येक पिढ्यांनी भयाचा अनुभाव हासाचा म्हणून वाचला, आणि त्याच वेळी प्राणी हसत नाहीत असेही त्या मानत राहिल्या. या दोन्ही समजुती एकत्र नांदू शकतात, ही या प्रश्नातील नैतिक गुंतागुंत आहे. जेथे हसू नाही तेथे ते पाहिले गेले. जेथे होते तेथे ते कानाच्या पट्ट्याबाहेर राहिले.

आणखी एक गोष्ट पुराव्याच्या स्वरूपाविषयी. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात शिम्पेई इशियामा आणि मिखाएल ब्रेख्ट यांनी २०१६ मध्ये दाखवले की ज्या उंदरांना उंच चौथऱ्यावर, लख्ख प्रकाशात ठेवले होते त्यांनी गुदगुल्या होऊनही आवाज फारसे काढले नाहीत. डार्विनने अशी अट माणसाबाबत आधीच लिहून ठेवली होती : अनोळखी माणसाने गुदगुल्या केल्या तर मूल हसत नाही, किंचाळते. तेव्हा जुंपलेल्या बैलाकडे, साखळीतल्या अस्वलाकडे, पिंजऱ्यातल्या माकडाकडे पाहून काढलेला 'हे हसत नाहीत' हा निष्कर्ष त्यांच्या स्वभावाविषयी किती आणि त्यांच्या परिस्थितीविषयी किती, हे वेगळे करता येत नाही. बैल हसत नसेलही. पण ज्या जागेवरून तो पाहिला गेला, ती हसण्याची जागा नव्हती.

याच बर्लिनच्या प्रयोगशाळेत २०१९ मध्ये उंदरांना माणसाबरोबर लपंडाव शिकवण्यात आला. बक्षीस अन्नाचे नव्हते, गुदगुल्यांचे आणि झोंबाझोंबीचे होते. काही उंदरांच्या मेंदूतील पेशींची हालचाल खेळ चालू असतानाच टिपली जात होती. शोधण्याची पाळी असताना आणि गडी सापडल्यावर उंदीर ते ५० किलोहर्ट्झचे आवाज काढीत. सापडल्यावर पुष्कळदा ते हातातून निसटून पुन्हा लपायला धावत, आणि त्यामुळे बक्षीस लांबणीवर पडे. लपण्याच्या पाळीत ते पारदर्शक खोक्यापेक्षा अपारदर्शक खोके पसंत करीत, आणि आत बसल्यावर गप्प राहत.